‘धों.’: एका जुन्या नावाची पार्श्वभूमी

र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर ही दोन नावं एका दमात कुणी घेत नाही. एकानं मुंबईत संततिनियमनासाठी आयुष्य झिजवलं, दुसऱ्यानं पळसखेड्यात शेती करता करता रानातली कविता लिहिली. दोघांच्या नावांत मधोमध मात्र तेच एक अक्षर बसलं आहे, ‘धों.’. धोंडो. आज हे नाव बहुतेकांना असंच भेटतं, वडिलांच्या जागेवर आणि टिंबापुरतं. पाळण्यात ते ठेवलं गेल्याला दोन-तीन पिढ्या तरी उलटल्या असतील. मोठ्यानं उच्चारलं की हसू फुटतं, कारण धोंडा म्हणजे दगड, आणि दगड म्हणजे मठ्ठ. पण ज्या घरांनी हे नाव ठेवलं त्या घरांत त्या क्षणी कुणी हसत नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुलं पहिला वाढदिवस पाहत नसत. त्याआधीच्या काळात परिस्थिती याहून बरी असण्याचं काही कारण नव्हतं. देवी, पटकी, हगवण, धनुर्वात यांपैकी काहीही पुरे. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लेख लिहिते, अशी श्रद्धा. त्या लेखात काय आहे हे कुणाला दिसत नाही, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर दिवा तेवत ठेवायचा. ज्या बाईची दोन-तीन मुलं अशी गेली, तिच्या पुढच्या मुलाचं नाव ठेवताना घरातली म्हातारी माणसं सांगत, गोड नाव ठेवू नका. गोड नावावर डोळा पडतो. दगडावर कोण डोळा ठेवणार? पुन्हा दगड ऊन-पावसात टिकतो, मरत नाही. धोंडो, धोंडू, दगडू ही नावं या दोन्ही विचारांतून आली. आधी मृत्यूची नजर चुकवायची, आणि मग मूल दगडासारखं टिको असं मागायचं.

या नावांचं मोठं गोत आहे. मूल सुपात घालून केरापाशी किंवा उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं ते उचलायचं आणि मग आईनं मूठभर धान्य देऊन ते तिच्याकडून ‘विकत’ घ्यायचं. म्हणजे हे मूल तुझं नव्हेच, असं दैवाला पटवायचं. त्यातून केरू, केरोबा, उकिरडा. कवडीला घेतला म्हणून कवडू, दमडीला घेतला म्हणून दमडू. कवडू हे नाव विदर्भातल्या जुन्या पिढीत आजही ऐकू येतं. पदर पसरून मागून आणला म्हणून भिकू, भिकाजी. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, मुलगी आहे असं भासवायचं, म्हणून नथू. काही घरांनी चकवण्याऐवजी शरण जाणं पसंत केलं आणि सटवाईच्याच नावानं मुलाला सटवाजी म्हटलं. ज्यांचे गणिताचे धडे टिळकांनी गिरवले ते केरूनाना छत्रे याच गोतातले. त्यांचं मूळ नाव विनायक लक्ष्मण छत्रे. इतकं देखणं नाव असूनही मराठी माणसानं त्यांना केरो लक्ष्मण म्हणूनच लक्षात ठेवलं.

मात्र प्रत्येक धोंडोच्या मागे मेलेली भावंडं होती असं समजू नये. एकदा नाव घरात शिरलं की आजोबांचं नाव नातवाला, या रीतीनं ते पुढे चालत राही. दुसरी वाट काशीहून येते. तिथल्या विश्वनाथाशेजारी धुंडिराज गणपती आहे आणि त्याच्यावरून नाशिक-त्र्यंबकेश्वराकडच्या ब्राह्मण घरांत धुंडिराज हे नाव पडे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके हे धुंडिराज गोविंद फाळके. बोलण्यात धुंडिराज आणि धोंडो यांची सरमिसळ होणं सोपं होतं. तिसरी वाट पंचांगातली. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतो, अनारशांचं वाण देतो. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला पोथी वाचणाऱ्या घरात पुरुषोत्तम म्हणत आणि साध्या घरात धोंडू.

या नावाची मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचे शेवट. जुन्या मराठीत ‘ओ’कारान्त नाव हा रिवाजच होता. मोरो त्रिंबक, नारो शंकर, विसो खेचर, तसाच धोंडो. पण एकाच दगडाला माणसागणिक वेगळी घडण मिळाली. लेखणी चालवणारा धोंडोपंत, तलवार चालवणारा धोंडजी, नांगर धरणारा धोंडिबा, वारकरी घरातला धोंडीराम, आणि ज्याला हाक मारताना मान राखायची कुणाला गरज वाटली नाही तो धोंड्या. बायकांत धोंडूबाई, धोंडाबाई. नाव ऐकलं की माणसाची जात, धंदा आणि गावातली जागा कळे. मृत्यूच्या भीतीपुढे सगळे सारखे होते, हाकेत मात्र ती समता उरत नसे.

इतिहासात हे नाव कसं भेटतं ते पाहायचं तर १८०० सालात जावं लागतं. चन्नगिरीकडचा एक मराठा शिपाईगडी, धोंडजी वाघ, हैदर आणि टिपूच्या चाकरीत राहिला, फुटून निघाला, पुन्हा टिपूच्या हाती सापडला आणि श्रीरंगपट्टणात कैद झाला. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो सुटला. मग त्यानं फौज जमवली आणि स्वतःला ‘उभय लोकांचा राजा’ म्हणवून घेतलं. इंग्रज कागदांत तो धोंडिया वाघ. त्याच्या बंदोबस्तासाठी पेशव्यांच्या बाजूनं कर्नाटकात उभे होते धोंडोपंत गोखले. म्हणजे धोंडोविरुद्ध धोंडो. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडी वाघानं गोखल्यांना गाठून मारलं. गोखल्यांच्या रक्तानं मिशा रंगवीन ही आपली प्रतिज्ञा त्यानं खरी केली, अशी हकीकत तेव्हापासून सांगितली जाते. धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले त्या झटापटीतून वाचले. हेच बापू पुढे मराठेशाहीचे शेवटचे मोठे सेनापती झाले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले. वाघाचा शेवट मात्र लवकर आला. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगलजवळ आर्थर वेलस्लीनं घोडदळाच्या एका धडकेत त्याला संपवलं. त्याच्या छावणीत त्याचा चारेक वर्षांचा मुलगा सलाबतखान सापडला. वेलस्लीनं त्या पोराला सांभाळलं आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणाची तजवीजही केली. नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

यानंतरचा धोंडोपंत सर्वांच्या परिचयाचा आहे, पण या नावानं नव्हे. कर्जतजवळच्या वेणगावच्या माधवराव नारायण भटांचा हा मुलगा दुसऱ्या बाजीरावानं १८२७ मध्ये ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूरला, दत्तक घेतला. आपण त्याला नानासाहेब पेशवा म्हणतो. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याच्यावर एक लाखाचं इनाम लावलं. त्यांच्या कागदोपत्री तो धोंडोपंत असाच येतो, इंग्रजी कानांना सुचेल तशा स्पेलिंगांत.

त्याच सुमाराला पुण्यात एक धोंडीराम वेगळ्याच कामावर निघाला होता. जोतीराव फुल्यांना मारण्यासाठी दोन मारेकरी पाठवले गेले, एक रोडे रामोशी आणि दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार, असं फुल्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीरावांनी त्यांना विचारलं, मला मारून तुमचं भलं होणार असेल तर मारा. मारेकरी विरघळले. धोंडीराम पुढे शिकला, शास्त्रार्थ करू लागला आणि सत्यशोधक चळवळीचा कार्यकर्ता झाला. १८७३ साली आलेली ‘गुलामगिरी’ हा एक संवाद आहे. त्यात एक बोलणारा जोतीराव, दुसरा धोंडीबा. धोंडीबा विचारतो, अडतो, शंका काढतो, आणि त्याच्या प्रश्नांवरच पुस्तक पुढे सरकतं. मठ्ठपणाशी जोडलेलं नाव मराठीतल्या एका अत्यंत महत्त्वाच्या पुस्तकात प्रश्न विचारणाऱ्याला मिळालं आहे, आणि हे माझ्या मते योगायोगानं घडलेलं नाही. धोंडीबा हे तेव्हा गावोगावच्या कष्टकऱ्याचं नाव होतं. जोतीरावांना त्याच्याशीच बोलायचं होतं.

आणि मग अण्णा. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, आजोळी. घर मुरूडचं. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर कोकणातून साताऱ्याला पायी निघाला, शंभराहून अधिक मैल, पावसापाण्यात, डोंगर चढून. पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवलं. तो सतरा वर्षांचा होता, फक्त अंगानं लहान होता. परत आला आणि पुढच्या खेपेला कोल्हापुरास जाऊन परीक्षा दिली. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेल्या.

१८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण आश्रमात सगळ्यांच्या तोंडी ‘बाया’च राहिल्या. नवरा-बायको मुरूडला गेले तेव्हा गावानं बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी या माणसानं पै-पै साठवून फंड उभा केला होता, त्याच गावानं. अण्णा चिडले नाहीत, आणि मागेही हटले नाहीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो १९०० मध्ये शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनचा तास झाला की चिखल-काटे तुडवत चालत हिंगण्याला, सकाळी परत. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या नावे पंधरा लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव लागलं. १९५८ मध्ये शंभरी गाठली, भारतरत्न मिळालं आणि टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. हयात भारतीयाचं तिकीट निघण्याची ती पहिलीच वेळ. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले, एकशे चार वर्षांचे होऊन. दगडासारखं टिकावं म्हणून ठेवल्या जाणाऱ्या या नावानं इतकी साथ क्वचितच कुणाला दिली असेल.

पुण्यात कर्वे रोड आहे, मुंबईत महर्षी कर्वे रोड आहे, हिंगण्याचं कर्वेनगर झालं. धोंडो मात्र यांपैकी एकाही पाटीवर नाही.

बायकांमध्ये हे नाव अभिमानानं मिरवलं ते कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांनी (१९२७–२०१४). जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांच्या घरातूनच घेतली, त्यांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडून, आणि पुढे केसरबाई केरकरांकडून. शिष्य पारखून घेण्याच्या बाबतीत केसरबाई किती कठोर होत्या हे ठाऊक असेल त्याला या शिष्यत्वाचं वजन कळेल. मैफलीच्या फलकावर ‘धोंडूताई’ हे नाव वाचून त्या काळातल्या श्रोत्याला हसू येत नसे. तो सावरून बसे.

तरी नाव ओसरत गेलं. शाळा आल्या, हजेरीपट आला, आणि हजेरीत धोंडू म्हटलं की वर्ग हसू लागला. विनोदी लेखनात आणि रंगभूमीवर धोंडो हा साधाभोळा, गोंधळलेला कारकून ठरून गेला. पु. लं.च्या ‘असा मी असामी’तल्या नायकाचं पूर्ण नावच धोंडो भिकाजी जोशी आहे. त्या एका नावात बाप-लेकांच्या दोन पिढ्यांची भीती शेजारी शेजारी उभी आहे. दगडूचंही तेच झालं. दगडू मारुती पवार नावाच्या मुलाला आपण दया पवार म्हणून ओळखतो, आणि ‘बलुतं’मध्ये (१९७८) ते स्वतः आपल्या या जुन्या नावाशी समोरासमोर बसून बोलतात. दगडू या नावाला आज मान आहे तो एकाच ठिकाणी, पुण्यात, दगडूशेठ हलवायांच्या गणपतीपुढे.

इथे एक फरक सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं समारंभानं बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं नाव नकुशी किंवा नकुसा होतं. वरवर पाहता नकुशी आणि धोंडू एकाच पंगतीत बसतात, दोन्ही नावं ओंगळ, दोन्ही जन्मतःच चिकटवलेली. पण धोंडू म्हणणारी आई मनात म्हणत होती, राहा. नकुशी म्हणणारं घर म्हणत होतं, पुढच्या वेळी मुलगा होऊ दे. पहिलं नाव आता कुणी ठेवत नाही याला एक चांगलं कारण आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातला बालमृत्युदर हजारी १६ वर आला होता. लस, प्रसूतिगृह, स्वच्छ पाणी यांनी धोंडोची गरज संपवली. दुसऱ्या नावाला मात्र समारंभ करून हटवावं लागलं.

अण्णांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. मूल हवं असेल तेव्हाच व्हावं, आणि झालेलं मूल जगावं, हे ते महिन्यामागून महिना छापत राहिले. त्यापायी खटले झाले, दंड भरले, आधी नोकरीही गेली होती. पत्नी मालतीबाईंनी आणि त्यांनी स्वतः ठरवून मूल होऊ दिलं नाही. मुलं जातील या धास्तीतून आलेलं नाव मधल्या जागी घेऊनच ते अंकामागून अंक सही करत होते, र. धों. कर्वे.