शार्कच्या सूटची समजूत आणि खरी गोष्ट

जिल्हास्तरीय जलतरण स्पर्धा जवळ आल्या की भंडारा-गोंदियाकडच्या गावांत जुनी समजूत पुन्हा फिरते: ऑलिम्पिकवाले शार्कच्या कातडीसारखा सूट घालून जिंकतात, मालगुजारी तलावात शिकलेल्या आपल्या पोट्ट्यांचा तिथं काय निभाव लागणार? मग एखादा बाप उधारी करून महागडा सूट आणायला निघतो. कृपा करून थांबा.

शार्कच्या खवल्यांसारख्या रेषा असलेल्या सूटचा गाजावाजा २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासूनचा. हार्वर्ड विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जॉर्ज लॉडर यांनी तसलं कापड तपासलं, तेव्हा त्यावरच्या रेषांचा वेगाला फायदा दिसला नाही.

२००८-०९ मध्ये विक्रम पडले ते सूटमधल्या पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थामुळे. ते पाणी शोषत नाही, अंग करकचून आवळतं, शरीर पाण्यात वर ठेवतं. दमल्यावर कंबर नि पाय खाली जातात आणि पाणी अडतं. नेमकं तेच हे सूट रोखायचे. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून या सूटवर बंदी आली. आता फक्त कापडी पोशाख चालतो. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंतच.

विक्रम रद्द मात्र झाले नाहीत. जर्मनीच्या पॉल बीडरमनचा २००९ मधला, त्याच सूटमधला ४०० मीटर फ्रीस्टाइलचा ३ मिनिटं ४०.०७ सेकंदांचा विक्रम २०२५ मध्ये जर्मनीच्याच लुकास मार्टेन्सने कापडी पोशाखातच मोडला.

आपल्या पोरांचे सेकंद जातात ते वळताना. गावतलावाला भिंत नसते, त्यामुळे भिंतीला पाय मारून सुटायची सवयच होत नाही. उधारीचे पैसे काढायचेच असतील, तर शहरातल्या जलतरण तलावावर महिनाभर सरावासाठी काढा.