महासाथींचा प्रसार आणि स्थान : खानदेश

संसर्गजन्य रोग एखाद्या प्रदेशात केव्हा पोचतो, कोणत्या क्रमाने पसरतो आणि किती जीव घेतो, हे रोगजंतूइतकेच त्या प्रदेशाच्या वाटा, वस्तीची घडण, हवामान आणि उपचारांच्या सोयींपर्यंतचे अंतर यांवर अवलंबून असते. महासाथीच्या काळात रोगजंतू सर्वत्र एकच असूनही शेजारच्या दोन तालुक्यांचे अनुभव अगदी वेगळे असू शकतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा खानदेश हे याचे बोलके उदाहरण आहे, कारण गजबजलेला हमरस्ता आणि वाट नसलेला डोंगर येथे एकमेकांना लागून आहेत.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. त्यामुळे येथील वाहतूक मोजक्या मार्गांतून होते. सुरत-नागपूर महामार्ग नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ असा खोऱ्याच्या लांबीने जातो, तर मुंबई-आग्रा महामार्ग धुळे-शिरपूरवरून बिजासन घाटाकडे चढतो. रेल्वेचे फाटे भुसावळला मिळतात. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेल्यापासून उत्तरेकडे जाणाऱ्या असंख्य प्रवाशांची वाट या जंक्शनवरून गेली आहे. साथ अशा प्रदेशात तेलाच्या डागासारखी सगळीकडे सारखी पसरत नाही. ती आधी महानगरातून जंक्शनवर आणि व्यापारी पेठेत उतरते, तेथून तालुक्याच्या गावी जाते आणि मग आठवडे बाजारांतून खेड्यांत शिरते. मुंबईपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर असलेले भुसावळ साथीच्या हिशेबात मुंबईला जवळचे ठरते, आणि सातपुड्यातील धडगाव तालुक्यातील एखादा पाडा धुळ्यालाही दूरचा ठरतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि लाखो लोकांनी शहर सोडले, तेव्हा रेल्वे हीच त्याच्या प्रसाराची मुख्य वाट झाली. मात्र माणसाबरोबर घरेही महत्त्वाची होती. एकमेकींना टेकलेली धाब्याची मातीची घरे, धान्याच्या कोठ्या आणि पोती यांत उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा सुखाने राहत. म्हणून साथीत गावठाण सोडून मळ्यात झोपड्या घालून राहण्याचा मार्ग लोकांनी धरला, आणि तो शास्त्रीयदृष्ट्याही योग्य होता, कारण त्यामुळे उंदीर आणि माणूस यांची जागाच वेगळी होत असे. कडक, कोरड्या उन्हात पिसवा फार काळ जगत नाहीत. भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे तो ऋतू प्लेगला मानवत नसे. गावच्या सीमेजवळ साथरोगांची देवी मरीआई हिचे ठाणे असणे आणि अनेक गावी तिच्याच, म्हणजे मरीमातेच्या, यात्रेत एकमेकींना जोडलेल्या बारागाड्या ओढल्या जाणे यांतही साथ बाहेरून वेशीवाटे येते ही जुनी जाण दिसते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला उंदराची गरज नव्हती. खोकणारा माणूस पुरेसा होता. जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट तुलनेने सौम्य होती, सप्टेंबरमध्ये सुरू झालेली दुसरी लाट प्राणघातक ठरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेली. त्याच वर्षी पाऊस फसल्याने अन्नाची टंचाई होती. देशात किमान सव्वा कोटी माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये येथे झाली, लाखो पक्षी नष्ट करावे लागले, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही लागण आढळली. दाटीने उभारलेले कुक्कुटपालन आणि गुजरातची सीमा हे येथील स्थानवैशिष्ट्य आहे. नवापूर रेल्वेस्थानकाचा फलाटच दोन राज्यांत विभागलेला आहे. उपाय मात्र दोन प्रशासनांनी करायचे असतात. त्या वेळी माणसांत लागण आढळली नाही.

२०२० च्या करोना महासाथीत हेच मार्ग पुन्हा ठळक झाले. मुंबई-आग्रा महामार्गावरील आणि खानदेशाला लागून असलेल्या मालेगावात, दाट वस्ती आणि यंत्रमागांच्या कोंदट गाळ्यांमुळे, एप्रिलमध्येच संसर्ग वाढला. मे महिन्यात याच महामार्गाने हजारो मजूर पायी उत्तरेकडे निघाले. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सापडलेले सोळा मजूर जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालले होते, कारण गावी नेणारी गाडी तेथे मिळेल अशी त्यांना आशा होती. साथीच्या काळात जंक्शनचे गाव माणसांना कसे ओढून घेते, याचा याहून दुःखद दाखला देता येणार नाही. त्याच सुमारास जळगाव जिल्ह्यातील बाधितांमागे मृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट होते. रुग्ण उशिरा दाखल होणे हे त्याचे एक कारण होते. पण जेथे तपासण्या कमी, तेथे सौम्य रुग्ण मोजणीत येत नाहीत आणि हे प्रमाण फुगते, हेही असे आकडे वाचताना ध्यानात घ्यावे लागते.

सातपुड्यातील अक्कलकुवा-धडगाव भागात पाडे विखुरलेले आहेत, दोन घरांत अंतर आहे आणि हवा खेळती आहे. तेथे विषाणू बहुधा माणसाच्या परतीबरोबर येतो. ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीच्या सुमारास घरी येतात, आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत पाडेच्या पाडे एकत्र जमतात. संसर्ग येथे उशिरा पोचत असला, तरी तो पोचल्यावर हेच अंतर अंगावर उलटते: रस्ता नसलेल्या पाड्यावरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून उतरवावे लागते आणि नर्मदाकाठच्या वस्त्यांसाठी बोट-रुग्णवाहिका हाच आधार असतो. नंदुरबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारले. टँकर दूरवरून येईपर्यंत थांबावे लागते, हे या जिल्ह्याचे मूळ दुखणे त्यांनी ओळखले होते, आणि म्हणून २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठ्या शहरांत प्राणवायूसाठी धावाधाव सुरू असताना नंदुरबारमध्ये तो जागेवरच तयार होत होता.