संवादी डिजिटल माध्यमे व युवा मानसिक आरोग्य (ग्रामीण विदर्भ)

वापरणाऱ्याने निवड केली की पुढे सरकणाऱ्या मोबाइलवरच्या गोष्टी, खेळ किंवा फोनवरच्या ध्वनिकथा यांतून दुसऱ्याची घालमेल समजून घ्यायला शिकवणे आणि किशोर-तरुणांना वेळीच मदतीपर्यंत पोचवणे, अशी ही पद्धत.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'स्पार्क्स' हा खेळ तयार केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या किशोरांसाठी तो नेहमीच्या समुपदेशनाच्या तोडीचा ठरला. भारतात 'संगाथ' संस्थेने शाळकरी मुलांसाठी 'पॉड ॲडव्हेंचर्स' हा मोबाइल खेळ बनवला, पण समुपदेशकाचा आधार ठेवूनच.

विदर्भासाठी गोष्ट रचायची तर तिचा नायक पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेला मुलगा असू शकतो. बोंडअळीने कापूस गेलेला, वडिलांच्या डोक्यावर पीककर्ज. रात्री तो मित्रांच्या ग्रुपवर लिहितो, 'मन नाई लागून राह्यलं.' वापरणाऱ्यासमोर तीन उत्तरे येतात: हसरी इमोजी, 'टेन्शन नको घेऊ बे', 'कुठी हायेस? येतो मी.' बहुतेकांना दुसरे उत्तर आपुलकीचे वाटेल. ते निवडले की नायक 'ठीक हाय' एवढेच लिहून गप्प होतो. चांगल्या मनाने बोललेल्या शब्दानेही बोलणे तुटते, हे व्याख्यानात सांगून पटत नाही. इथे ते स्वतःच्या बोटाने घडते. मागे जाऊन तिसरे उत्तर देता येते, ही सोय खऱ्या आयुष्यात नसते.

मात्र पडद्यामागे माणूस हवाच. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्य कार्यक्रम स्थानिक कार्यकर्त्यांच्या बळावर चालला, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे सहापट झाले. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील समवयस्क शिक्षक (किशोरांमधूनच निवडलेले मार्गदर्शक) आणि किशोरांसाठीची सरकारी 'मैत्री' क्लिनिक हे अशा गोष्टींना जोडता येण्याजोगे दुवे आहेत.

अडचण खासगीपणाची. घरात एकच स्मार्टफोन, तोही बापाच्या खिशात. मुलीच्या हाती तो आला तर शेजारी कोणी ना कोणी असतेच. म्हणून मिस्ड कॉलवर ऐकता येणारी, बटण दाबून पुढे नेता येणारी ध्वनिकथा इथे आभासी जग दाखवणाऱ्या महागड्या व्हीआर चष्म्यापेक्षा कामाची. आत्महत्येची पद्धत गोष्टीत दाखवू नये. कुठूनही एका बटणावर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर जाता यावे. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी, माडिया आवाज लागतील. पुणेरी मराठीत ध्वनिमुद्रित केलेली गोष्ट तिथे सरकारी जाहिरातीसारखी ऐकू येते.