घरगुती वेधशाळेचा फायबरग्लास घुमट

गच्चीवर कायम मांडून ठेवलेल्या दुर्बिणीवर बसवायचा फिरता अर्धगोल, काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांचा. हलका असतो, गंजत नाही आणि एकाच साच्यातून घुमटाच्या सारख्या पाकळ्या (जोडायचे तुकडे) निघतात. उज्जैनची सवाई जयसिंगाची वेधशाळा (१९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली) इंदूरकरांना जवळची, पण तिथली यंत्रं उघड्यावरची, चुन्या-दगडाची, त्यामुळे या घुमटाचा धागा तिथे जोडता येत नाही.

पदार्थाच्या जन्माबद्दल एकमत नाही. काहीजण हर्मन हॅमेसफारच्या १८८० च्या काचकापडाच्या पेटंटपासून सुरुवात करतात, काहीजण १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातल्या लिबी या काच कंपनीच्या काचधाग्यांच्या ड्रेसपासून, पण आजचं फायबरग्लास ते नव्हे. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत मारून भरपूर तंतू काढायची रीत अमेरिकेत १९३२-३३ च्या सुमाराची, डेल क्लाइस्ट आणि गेम्स स्लेटर यांची, आणि तीही आधी उष्णतारोधक लोकरीसाठी. रेझिनचं श्रेय कोणी ड्यु पाँट कंपनीला (१९३६) देतं, कोणी सायनामिड कंपनीला (१९४२). आजचं पॉलिएस्टर रेझिन दुसऱ्याच्या जास्त जवळचं, म्हणून १९४२ धरणं बरं वाटतं.

३ मीटर व्यासाच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ सुमारे १४ चौ.मी., म्हणजे चौ.मी.ला ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर धरले तर १३ किलो मॅट आणि तिच्या अडीचपट रेझिन. साच्याला वॅक्स, मग जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग मॅट-रेझिन रोलरने दाबत हवा काढायची. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) साधारण १ ते २ टक्के. मेमध्ये रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागतं म्हणून लोक हार्डनर अगदीच कमी करतात, पण १ टक्क्याच्या खाली गेलं तर तुकडा कधीच पुरता पिकत नाही, त्यापेक्षा पहाटे थोडं थोडं रेझिन कालवून काम करावं. पावसाळ्यात हे काम नकोच, मॅट दमट होते. हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो, आणि रेझिनमधल्या स्टायरीनच्या वाफेसाठी मास्क व उघडी हवा हवीच.

इंग्लंड-अमेरिकेचे घुमटाचे नकाशे जसेच्या तसे उचलले की खरी अडचण इथे येते. इंदूर २२.७ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. लंडनला तो ५१ अंशांवर असतो, तिथे चिरेची (दुर्बीण आकाशाकडे बघते त्या घुमटातल्या फटीची) खालची २५-३० अंशांची पट्टी कायमची बंद ठेवली तरी चालतं, आपल्याकडे तसं केलं तर ध्रुवच झाकला जातो आणि माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा सांगाडा) लावणार कशावर? उलट बाजूला, ग्रह आपल्या डोक्यावरून जातात, त्यामुळे चीर खस्वस्तिकापाशी (थेट डोक्यावरच्या बिंदूपाशी) संपून चालत नाही, १५-२० अंश पलीकडे न्यावी लागते. डोक्यावर आलेल्या ताऱ्याची दिशा झपाट्याने बदलते आणि घुमट तितक्या वेगाने फिरवावा लागतो, म्हणून चीर रुंदही हवी. दुर्बीण माउंटच्या एका बाजूला असते, घुमटाच्या मध्यावर नाही, हेही रुंदी ठरवताना धरायचं.

घुमट पांढराच असावा आणि सूर्यास्तानंतर लगेच उघडावा, आतली गरम हवा निघाल्याशिवाय प्रतिमा थरथरते. अंगणात बांधायचं तर माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, तेव्हा दुर्बिणीच्या खांबाचा पाया तिच्याखालच्या घट्ट थरापर्यंत न्यावा. गच्ची असो की अंगण, खांब आणि चालायची फरशी एकमेकांना टेकू देऊ नये.