विमानविलंब भरपाई (कोकण किनारा)

विमानविलंब भरपाई : ठरलेल्या वेळी विमान न सुटल्यास किंवा न पोहोचल्यास प्रवाशाला विमान कंपनीकडून मिळणारी सोय, तिकिटाचा परतावा किंवा रोख रक्कम. बोलण्यात या तिन्हींना सरसकट ‘भरपाई’ म्हणतात. नियमांत त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मागणी फेटाळली जाते ती पुष्कळदा याच गल्लतीमुळे. भारतातल्या देशांतर्गत प्रवासात केवळ उशीर झाला म्हणून ठरावीक रोकड देण्याचे बंधन कंपनीवर नाही. ते आहे उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यास आणि पक्के तिकीट असूनही विमानात प्रवेश नाकारल्यास. उशिराबद्दल खाणेपिणे, पर्यायी विमान, परतावा आणि काही प्रसंगी मुक्कामाची व्यवस्था मिळते. त्यापुढचे मागायचे तर ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते.

या हक्काचा उगम कोठे धरावा, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीविषयीच्या १२ ऑक्टोबर १९२९ च्या वॉर्सा कराराच्या १९ व्या कलमात आहे. उशिरामुळे झालेल्या नुकसानीस वाहतूकदार जबाबदार, असे ते कलम सांगते. हा करार भारतात १९३४ च्या अधिनियमाने आला, पुढे विमान वाहतूक अधिनियम, १९७२ मध्ये सामावला गेला, आणि त्याची जागा घेणारा १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. दुसरे मत उगम युरोपात शोधते. तेथे १९९१ मध्ये प्रवेश नाकारलेल्या प्रवाशांसाठी ठरावीक रकमा आल्या आणि २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने (अंमल १७ फेब्रुवारी २००५ पासून) रद्द उड्डाणांसाठी २५०, ४०० व ६०० युरो असे टप्पे बांधले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वॉर्सा पद्धतीत प्रवाशाला आपले नुकसान दाखवून द्यावे लागते. युरोपीय पद्धतीत गेलेला वेळ हेच नुकसान धरले जाते, आणि आज सामान्य प्रवासी ‘भरपाई’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हीच कल्पना असते.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. युरोपीय नियमाच्या शब्दांतही उशिरासाठी रोकड नव्हती. १९ नोव्हेंबर २००९ च्या निकालात तेथील न्यायालयाने तीन तास वा अधिक उशिरा पोहोचलेल्यांना रद्द उड्डाणाच्या प्रवाशांसारखेच मानले. पुढे २०१४ च्या निकालात पोहोचण्याची वेळ म्हणजे विमानाचे एक तरी दार उघडण्याची वेळ, असेही ठरले. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम ऑगस्ट २०१० मध्ये लागू झाला. त्याची मांडणी युरोपीय नियमाशी उघड जुळते, पण ती त्या नियमाच्या मूळ शब्दांशी. न्यायालयाने घातलेली भर आपल्याकडे आली नाही. रत्नागिरीचा प्रवासी आणि फ्रँकफर्टचा प्रवासी तेवढेच तास खोळंबले तरी एकाच्या हाती रक्कम पडते आणि दुसऱ्याच्या हाती अल्पोपाहाराचे कूपन, त्याचे कारण हे आहे.

भारतीय नियमात टप्पे ठरतात ते ‘ब्लॉक टाइम’वर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतच्या वेळापत्रकातील वेळेवर. हा वेळ अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिरापासून, अडीच ते पाच तास असेल तर तीन तासांपासून आणि त्याहून लांबच्या प्रवासात चार तासांपासून खाणेपिणे द्यावे लागते. मात्र प्रवाशाने वेळेत चेक-इन केलेले हवे. चिपीहून (सिंधुदुर्गातील विमानतळ) मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर ही सर्व उड्डाणे पहिल्या टप्प्यात येतात. मोपा (उत्तर गोव्यातील विमानतळ)–दिल्ली अडीच तासांच्या उंबरठ्यावर असल्याने तिकिटावरच्या वेळा मोजून पाहाव्यात. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल तर सहा तासांच्या आतले दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी प्रवासी निवडेल ते. चोवीस तासांहून अधिक उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाल्यास हॉटेल आणि तेथवरची ने-आण कंपनीने करायची असते.

उड्डाण रद्द झाल्याची सूचना चोवीस तास आधीही दिली नाही, तर कंपनीने प्रवाशाला मान्य असे पर्यायी विमान द्यावे. नाहीतर पूर्ण परताव्यासह रोख भरपाई द्यावी. २०१६ च्या सुधारणेनंतर ही रक्कम एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला रु. ५,०००, दोन तासांपर्यंत रु. ७,५०० आणि त्यापुढे रु. १०,००० आहे. पण पुढची अट वाचल्याशिवाय हा आकडा कोणी धरून बसू नये : ही रक्कम किंवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. कोकणात ही अट फार जाचक ठरते. ‘उडान’ या सरकारी स्वस्त विमानसेवा योजनेतील मुंबई–चिपी सेवेचे सुरुवातीचे भाडे अडीच हजारांच्या आसपास होते. म्हणजे नियमात साडेसात हजार लिहिलेले असले, तरी प्रवाशाच्या पदरी पडणारी रक्कम त्याच्या एक तृतीयांशाच्या घरातली. आणि ऐन चतुर्थीत विमान रद्द झाले, तर तेवढ्या पैशात सावंतवाडीपर्यंत खासगी गाडीही मिळत नाही. स्वस्त तिकीट काढणाऱ्याचा वेळ स्वस्त असतो, असे गृहीत धरणारी ही अट बदलायला हवी.

रक्कम न मिळण्याचे मोठे कारण हवामान. पूर, नैसर्गिक आपत्ती, संप, सुरक्षेचा धोका, हवाई नियंत्रणाच्या अडचणी, खराब हवा अशी कंपनीच्या आवाक्याबाहेरची कारणे असतील तर रोख भरपाई लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ४ जुलै २०११ च्या निकालात दिल्लीतील धुक्यामुळे झालेल्या विलंबाला भरपाई नाकारली. विमानात अडकून पडलेल्या प्रवाशांच्या किमान सोयी हे मात्र कंपनीचे कर्तव्य मानले. चिपीचा विमानतळ (उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१) परुळ्याजवळच्या उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे. पावसाळ्यात तेथे ढग अक्षरशः धावपट्टीवर उतरतात. त्यामुळे ‘हवामान’ हे कारण खरेही असते आणि सोयीचेही. सकाळी मुंबईत पाऊस झाला म्हणून रात्रीचे विमान रखडले, तर ते हवामान की नियोजनातली कसर, हा प्रश्न प्रत्येक दाव्यात वेगळा तपासावा लागतो. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी गाड्यांचा वेग कमी धरून वेगळे वेळापत्रकच काढते, ही तुलना येथे अवश्य लक्षात घ्यावी.

सिंधुदुर्गातील प्रवासी चिपीखेरीज मोपा (वाहतूक ५ जानेवारी २०२३ पासून) व गोव्यातीलच दाभोळी येथून, तर रायगड व उत्तर रत्नागिरीतील प्रवासी मुंबईहून आणि आता नवी मुंबईहूनही जातात. खोळंब्याची झळ सर्वांत जास्त बसते ती गणपतीला आणि मे महिन्यात. चाकरमान्याचे विमान सकाळी आठला उतरायचे असते. घरी माटवी (मूर्तीवरची फळापानांची चौकट) बांधून झालेली, गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, मूर्ती आणून पाटावर ठेवलेली, आणि भटजी वाडीतल्या घरांच्या क्रमाने निघालेले. ते एकदा पुढच्या घरी गेले की दुपारशिवाय परत फिरत नाहीत. मोबाइलवर मात्र वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकत राहते. या मुकलेल्या पूजेची किंमत कोणत्याही तक्त्यात नाही. ती ‘मानसिक त्रास’ या सदराखाली ग्राहक आयोगापुढेच मांडता येते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ (अंमल २० जुलै २०२० पासून) नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दावा करता येतो. म्हणजे वेंगुर्ल्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयी, दाद मागता येते. मुदत दोन वर्षे, वकील सक्तीचा नाही, आणि व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग ‘एअरसेवा’ हे सरकारी तक्रार संकेतस्थळ किंवा १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, हा क्रम बरा. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे चार तास उशिरा पोहोचल्याने विमान चुकलेल्या प्रवाशाची भरपाई कायम ठेवली. उशिराचे कारण सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे, हे त्यातले सूत्र विमान कंपनीविरुद्धही उपयोगी पडते.

पुराव्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे काउंटरवरून मागून घेतलेला विलंबाचा दाखला. तो अर्ध्या पानाचा असतो : उड्डाण क्रमांक, तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण. कारणापुढे ‘ऑपरेशनल’ एवढाच शब्द असला तरी तो जपून ठेवावा, कारण मग कंपनीला नंतर हवामानाची सबब पुढे करणे अवघड जाते. बोर्डिंग पास, आलेले संदेश आणि फलकाचा फोटो ही जोड हवी. आणखी एक गोष्ट गावाकडे हमखास नडते. तिकीट एजंटाने किंवा मुंबईच्या भाच्याने काढलेले असते आणि संपर्काला त्याचाच नंबर असतो. रद्द झाल्याचा संदेश तेथे जातो, आणि पुरेसा संपर्क न देणाऱ्याला रोख भरपाई नाही, असे नियमातच म्हटले आहे. तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा नंबर घालायला लावावा.

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन येथील आखातात नोकरी करणाऱ्यांना परतीच्या प्रवासात माँट्रियल करार लागू होतो. कामावर एक दिवस उशिरा हजर झाल्याने कापला गेलेला पगार हे त्यातले दाखवता येण्याजोगे नुकसान आहे. मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), दाव्याची मुदत दोन वर्षे. वाजवी ते सर्व उपाय केले होते हे कंपनीने सिद्ध केल्यास ती सुटते. मोपा–मुंबई आणि मुंबई–दुबई अशी दोन सुटी तिकिटे काढलेली असतील, तर पहिल्याच्या उशिराने दुसरे हुकल्याचा भारतीय नियमातला हक्क मिळत नाही. त्यासाठी दोन्ही टप्पे एकाच तिकीट क्रमांकावर लागतात. सामान उशिरा आल्यास ते हाती पडल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड असल्यास ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.