कॅनडाचे नवे अल्बम सुचवतं कोण?

दर उन्हाळ्यात कॅनडात वर्षातल्या सर्वोत्तम देशी अल्बमसाठीच्या पोलारिस पुरस्काराची यादी येते. आधी 40 अल्बम, मग त्यातले 10. तिथल्या स्वतंत्र, म्हणजे मोठ्या कंपन्यांशी न बांधलेल्या, कलाकारांचं नवं काय ऐकावं, हे शोधणारे बरेच जण आधी या यादीकडे वळतात. पण पुरस्कार जेमतेम वीस वर्षांचा आहे. अल्बम सुचवण्याची गरज त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती निर्माण झाली त्याला सरकारचा एक नियमही कारणीभूत होता.

1960च्या दशकात कॅनडातल्या गायकाने नाव कमवायचं तर सीमेपलीकडे जायचं, हे जवळपास ठरलेलं होतं. नील यंग गेले, जोनी मिचेल गेल्या. देशाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला चिकटून, त्यामुळे अमेरिकन स्टेशनं घरबसल्या लागायची आणि देशी स्टेशनंही तीच गाणी वाजवायची. टोरांटोहून निघणारं ‘आरपीएम’ हे व्यापारी साप्ताहिक 1964पासून याविरुद्ध ओरडत होतं. त्याच्याशी जोडलेल्या स्टॅन क्लीस यांनी देशी गाणं ओळखायची एक सोपी कसोटी तयार केली : संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारांपैकी दोन गोष्टी कॅनेडियन असल्या की गाणं कॅनेडियन. 18 जानेवारी 1971पासून एएम रेडिओवर दिवसभरातली 30 टक्के गाणी देशी असण्याची सक्ती आली. 1999मध्ये व्यावसायिक स्टेशनांसाठी हे प्रमाण 35 टक्क्यांवर गेलं.

सक्तीतून पळवाटा निघायच्या तशा निघाल्या. काही स्टेशनं देशी गाणी पहाटे किंवा रात्री उशिरा, म्हणजे फारसं कुणी ऐकत नसताना, उरकून टाकत. अशा वेळांना राष्ट्रीय प्राण्यावरून ‘बीव्हर अवर’ हे टोपणनाव पडलं. वर्दळीच्या वेळी तीच चार-पाच नामांकित मंडळी आलटून-पालटून वाजत. कसोटीही हटवादी होती. ब्रायन अ‍ॅडम्स यांचा 1991चा अल्बम एका परदेशी निर्मात्यासोबत लिहिलेला आणि बराचसा बाहेर ध्वनिमुद्रित झालेला, म्हणून त्यातली गाणी कॅनेडियन ठरेनात. मोठा गहजब झाला, नियम शिथिल करावा लागला. कोटा वाईट होता असं मला वाटत नाही. स्टुडिओ, निर्माते, छोटी लेबलं (म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपन्या) यांना त्यानेच उभं केलं. पण तो टक्के मोजत होता. नव्या बँडला श्रोता मिळवून देणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

ते काम भलत्यांनीच अंगावर घेतलं, आणि या इतिहासातला सगळ्यात रंगतदार भाग हाच. विद्यापीठांची रेडिओ स्टेशनं स्वयंसेवकांवर चालत, जाहिरातदाराची फारशी भीड नसे. व्हँकुव्हरच्या सीआयटीआर या विद्यार्थी-स्टेशनने 1983मध्ये ‘डिस्कॉर्डर’ नावाचं स्वतःचं मासिकच काढलं. 1984मध्ये सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने माँट्रियलहून ‘ब्रेव्ह न्यू वेव्ह्ज’ हा मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम सुरू केला. ज्या वेळी खासगी स्टेशनं कोटा उरकत, त्याच वेळी इथे कुणीतरी अनोळखी बँडची तबकडी मनापासून लावत होतं. तो 2007पर्यंत चालला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोत ‘एक्सक्लेम!’ हे फुकट वाटलं जाणारं मासिक आलं; ते अजून चालू आहे.

अंतराचा मुद्दा इथे विसरून चालत नाही. व्हँकुव्हर ते टोरांटो रस्त्याने चार हजारांहून जास्त किलोमीटर, मध्ये मोठी शहरं मोजकी. व्हॅन घेऊन निघालेल्या बँडला पेट्रोलचे पैसेही सुटत नसत. म्हणून हॅलिफॅक्सच्या बँडबद्दल कॅल्गरीत कळायचं ते कुठल्यातरी कॉलेज-स्टेशनवरून, नाहीतर फुकटच्या अंकातल्या चार ओळींवरून. तरी चमत्कार घडत. ‘बेअरनेकेड लेडीज’ने 1991मध्ये लेबलशिवाय काढलेली पिवळी कॅसेट कॅनडात प्लॅटिनम झाली. प्लॅटिनमसाठी तेव्हा 1 लाख प्रती लागत.

2000 उजाडलं आणि शिफारशीचं केंद्र काही काळ देशाबाहेर गेलं. ‘ब्रोकन सोशल सीन’ या कॅनेडियन बँडच्या दुसऱ्या अल्बमला 2003मध्ये अमेरिकेतल्या ‘पिचफोर्क’ या संगीत-परीक्षणाच्या संकेतस्थळाने 10पैकी 9.2 गुण दिले. पुढच्या वर्षी ‘आर्केड फायर’च्या ‘फ्यूनरल’ला 9.7. माँट्रियलचा हा बँड एका अमेरिकन स्वतंत्र लेबलवर होता. एकेका परीक्षणाने दौरे ठरू लागले. म्हणजे 1960च्या दशकातलं दुखणं पुन्हा तेच, फक्त स्टेशनाच्या जागी संकेतस्थळ.

अशा काळात, 2006मध्ये, स्टीव्ह जॉर्डन यांनी ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराच्या धर्तीवर पोलारिस सुरू केला. विक्री किती, लेबल कोणतं, प्रकार कोणता, यातलं काही बघायचं नाही. देशभरातले पत्रकार आणि रेडिओवाले मतं देणार. पहिला मान ‘फायनल फँटसी’ या नावाने गाणाऱ्या ओवेन पॅलेट यांना मिळाला, रक्कम 20 हजार डॉलर. स्वतंत्र मंडळींनी या पुरस्काराला डोक्यावर घेतलं असंही नाही. 2013मध्ये ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ने जिंकूनही सोहळ्याच्या झगमगाटावर टीका केली आणि बक्षिसाचे पैसे क्वेबेकमधल्या कैद्यांना वाद्यं मिळावीत यासाठी देण्याचं जाहीर केलं. 2020मध्ये माँट्रियलच्या ‘बॅकवॉश’चा जो अल्बम जिंकला तो चक्क फुकट उतरवून घेता येत होता, कारण त्यात वापरलेल्या जुन्या गाण्यांच्या तुकड्यांची परवानगी नव्हती. दुकानात जे मांडता येत नाही तेही यादीत अव्वल ठरू शकतं, ही मला या पुरस्काराची खरी कमाई वाटते.

आता गाणं पोचतं ते स्ट्रीमिंगवरून. 2023मध्ये नवा कायदा आला आणि जून 2024मध्ये नियामकाने मोठ्या स्ट्रीमिंग सेवांना कॅनडातल्या उत्पन्नाचा 5 टक्के वाटा देशी आशयासाठी द्यायला सांगितलं. कंपन्या न्यायालयात गेल्या. पण त्याच वर्षी सगळ्यात जास्त बोलबाला झालेला कॅनेडियन अल्बम स्ट्रीमिंग सेवांवर नव्हताच. ‘सिंडी ली’ या नावाने गाणाऱ्या, कॅल्गरीच्या ‘विमेन’ बँडमधून पुढे आलेल्या पॅट्रिक फ्लेगेल यांनी ‘डायमंड ज्युबिली’ची दोन तासांची 32 गाणी जुनाट वळणाच्या एका वेबपानावर ठेवली आणि यूट्यूबवर सलग एकाच फाइलमध्ये. ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं, ‘पिचफोर्क’ने 9.1 दिले, पोलारिसच्या दहांत तो आला.

जिंकले मात्र जेरेमी डचर. 2018मध्ये पहिल्याच अल्बमवर, शतकभरापूर्वी मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेली आपल्या वोलास्तोकी या आदिवासी समाजाची गाणी घेऊन त्यांनी हाच पुरस्कार मिळवला होता. दोनदा मिळवणारे ते पहिले.