ताशी 25 ते 50 मिलिमीटर: मुंबईच्या नाल्यांमागचा हिशेब

मुंबईची पर्जन्य जलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तीन गृहीतकांवर उभी होती. पाऊस ताशी 25 मिलिमीटर पडेल, तो ओहोटीच्या वेळी पडेल आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल. शहरात वाड्या, खाजणे आणि मोकळी मैदाने होती तोवर तिसरे गृहीतक खपून गेले. पुढे उपनगरे काँक्रीटने भरली. 1977 मध्ये वांद्रे-कुर्ला परिसराचे नियोजन एमएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले आणि मिठी नदीच्या मुखाजवळची दलदल भरावाखाली जाऊ लागली. गटारांचा आकार तोच राहिला, पण त्यात येणारे पाणी वाढले.

जून 1985 च्या पुरानंतर पालिकेने वॉटसन हॉक्सले या सल्लागार कंपनीकडे अभ्यास सोपवला. तिचा 1993 चा अहवाल म्हणजे ब्रिमस्टोवॅड, बृहन्मुंबईच्या पावसाचे पाणी वाहून नेण्याचा आराखडा. त्यात ताशी 50 मिलिमीटर पाऊस आणि मुरण्यासाठी शून्य वाव, असे नवे मोजमाप धरले. याला सर्रास ‘क्षमता दुप्पट’ म्हटले जाते, पण ते खरे नाही. एक हेक्टर जमीन घ्या. जुन्या हिशेबाने तिच्यावरून तासाला 125 घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 35 लिटर पाणी वाहते. नव्या हिशेबाने 500 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 139 लिटर. वाढ चौपट आहे. नाल्याची रुंदी, रस्त्याखालच्या मोऱ्यांचे (कल्व्हर्टचे) गाळे आणि पंपांची संख्या या चौपटीवर ठरते.

अहवालातला खर्च 616 कोटींच्या आसपास होता. पालिकेला तो एकटीने झेपेना, म्हणून कामे तुकड्यातुकड्याने होत राहिली. विकासकांकडून 1992 पासून विकास शुल्क घेतले जाते खरे, पण ते कोणत्या एका नाल्याच्या पाणलोटाशी बांधलेले नसते. ज्या इमारतीमुळे पाणी वाढले, तिचा पैसा त्याच नाल्याला लागेल अशी सोयच नाही. माझ्या मते संपूर्ण निधिरचनेतली ही सर्वांत मोठी फट आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दुपारी भरती 4.48 मीटरची होती. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने प्रत्येक पाणलोटाचा वेगळा विचार करण्याचा आग्रह धरला. 2007 मध्ये केंद्राने सुमारे 1,200 कोटी मंजूर केले आणि 58 कामांची यादी बनली. चौदा वर्षे जुन्या आराखड्याला आता कुठे पैसा मिळाला होता. तोवर नाल्यांच्या काठांवर वस्त्या उभ्या राहिल्या होत्या आणि कामांचे दर बदलले होते. प्रकल्पाचा खर्च पुढे अनेक पटींनी वाढला.

नाला सुधारायचा तर मुखापासून वर जायचे, हा नियम. वरचा भाग आधी रुंद केला तर पाणी लवकर खाली येते आणि अरुंद जागी तुंबते. प्रत्यक्षात जिथे जागा मोकळी सापडेल तिथे काम सुरू होते, कारण निधी वर्षअखेरीस खर्ची पडायला हवा. हाताशी असतात फक्त ऑक्टोबर ते मे हे महिने. रुंद नाला रेल्वेखालच्या जुन्या मोरीपाशी आला की पुन्हा आखडतो. ती मोरी रेल्वेची, तिची परवानगी वेगळी आणि कामासाठी गाड्या थांबवण्याचा ब्लॉकही वेगळा. रुंदी मिळत नाही म्हणून खोली वाढवण्याचा मोह होतो. पण तळ पातमुखाच्या, म्हणजे नाला समुद्राला किंवा खाडीला मिळतो त्या तोंडाच्या, पातळीखाली गेला की तो भाग नुसते डबके होतो, भरतीचे पाणी आत येते आणि गाळ बसतो. भिंतीलगत पोकलेन उतरवायला सेवा रस्ता ठेवला नसेल तर पुढच्या नालेसफाईचेही अवघड होते.

खरी अडचण मुखाशीच आहे. 186 पातमुखांपैकी 45 समुद्राच्या सरासरी पातळीखाली आहेत, 135 भरतीच्या पातळीखाली, आणि फक्त सहा तिच्या वर. म्हणून उदंचन केंद्रे लागतात. भरतीला पूरदरवाजे बंद करायचे आणि पाणी पंपाने समुद्रात टाकायचे. एक पंप सेकंदाला 6,000 लिटर उपसतो. वरच्या नव्या हिशेबाने तो जेमतेम 43 हेक्टरला पुरतो. ठरलेल्या आठांपैकी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही केंद्रे एकामागून एक सुरू झाली. मोगरा आणि माहुल मात्र जागेच्या प्रश्नावर अडली. माहुलसाठी हवी असलेली जागा मिठागराची, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातली होती. हे उदंचन केंद्र उभे राहीपर्यंत किंग्ज सर्कल, सायन, चुनाभट्टी भागातले नाले कितीही रुंद केले, तरी मोठ्या भरतीला त्यांचे पाणी ओहोटीची वाट पाहते.